मागचे ब्रेक, पुढचे सल्ले

पुणे-नाशिक रस्त्यावर एखाद्या पिकअपच्या मागे अडकलं की वाचनाची चांगली सोय होते. फाळक्यावर मधोमध कुलदैवत, त्याखाली 'आई-वडिलांची पुण्याई', डाव्या कोपऱ्यात मालकाच्या दोन मुलांची नावं आणि तिसऱ्याचं नाव नंबरप्लेटच्या वर कसंबसं कोंबलेलं, कारण तो गाडी रंगवून झाल्यावर जन्मला. 'हॉर्न ओके प्लीज' महाराष्ट्र सरकारने २०१५ साली बंद केलं. रिकाम्या झालेल्या त्या जागेत आता मालकाचं इन्स्टाग्रामवरचं नाव आलंय. हे सगळं साहित्य जिथे संपतं तिथून फूट-दोन फूट खाली, चाकाच्या आत, गाडीचे मागचे ब्रेक असतात. त्यांच्याविषयी कोणी काही लिहीत नाही. पिकअपचा मालक इंजिनावर तासभर बोलेल, ॲव्हरेजबद्दल थापा मारेल, टेप लावून खिडक्या हादरवून दाखवेल. मागच्या ब्रेकचा विषय काढलात तर 'आहेत ना' एवढंच म्हणेल, आणि तेही जरा विचार करून.

आमच्या जुन्नर तालुक्याचं तर ब्रेकशी मुळातच जमत नाही. बैलगाडा शर्यतीचा हा मुलूख. शर्यतीच्या गाड्याला ब्रेक नसतो. थांबवायचं काम घाटाच्या चढावर, बैलांच्या मर्जीवर आणि पुढे उभ्या असलेल्या माणसांच्या नशिबावर सोपवलेलं असतं. डिसेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना पुन्हा परवानगी दिली तेव्हा गावोगाव फटाके वाजले. ते वेगाच्या बाजूने वाजले होते. थांबण्याच्या बाजूने आमच्याकडे अजून साधी लवंगीही वाजलेली नाही.

तेव्हा दादाच्या पिकअपच्या मागून 'खर्र' असा आवाज यायला लागल्यावर पहिला उपाय म्हणून टेपचा आवाज वाढवण्यात आला. टेप बंद असतानाही तो येतो, हे वहिनींनी एकदा बाजारातून येताना लक्षात आणून दिलं. मग आवाज नक्की कुठून येतो यावर अंगणात चर्चा बसली. आमच्याजवळ खोडदला जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून येणारी कुजबुज टिपतात आणि ती कुठल्या आकाशगंगेतून आली हेही सांगतात. इकडे अंगणात, हातभर अंतरावरचा आवाज डाव्या चाकातला की उजव्या, यावर दिवेलागणीपर्यंत एकमत होईना.

शेवटी शेजारचे नाना आले. नाना एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळवलेले. तो बिल्ला ते आजही लग्नाकार्याला लावतात. त्यांनी गाडी जरा पुढे घ्यायला लावली, जरा मागे घ्यायला लावली आणि खाली न वाकताच निकाल दिला, "लायनर संपले. रिबिटं ड्रम खातायत. दोन्हीकडं."

"दोन्हीकडं?" दादा म्हणाला. डाव्या-उजव्यावर पैज लागली होती.

ड्रम ब्रेकची रचना ऐकायला सोपी आहे. चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा म्हणजे ड्रम. त्याच्या पोटात दोन अर्धगोल शू, एकमेकांकडे पाठ करून बसलेले. पायाने पेडल दाबलं की ऑइलच्या दाबाने ते फाकतात आणि ड्रमला आतून घासतात. घासायचं काम शूवर बसवलेल्या लायनरचं. झिजणं हीच त्याची नोकरी. तो झिजून संपला की खालची रिबिटं ड्रमला भिडतात आणि 'खर्र' ऐकू येतं. पुतण्याने, पिंट्याने, मोबाईलवर वाचून माहिती पुरवली, की पूर्वी विलायतेत डर्बीशायरच्या डोंगराळ भागातले शेतकरी उतारावर घोडागाडीच्या ब्रेकला जुना बूट लावत. ते हर्बर्ट फ्रूड नावाच्या एका माणसाने पाहिलं आणि १८९७ साली लायनर बनवायचा धंदा काढला. कंपनीचं नाव ठेवताना स्वतःच्या आडनावाची अक्षरं इकडची तिकडे केली, त्यात बायकोच्या नावातलं एक अक्षर घातलं आणि 'फेरोडो' तयार केलं. ब्रेकमध्ये बायकोचं अक्षर घालणारा माणूस संसारात मुरलेला असणार, असं नानांचं मत पडलं. जुना जोडा आमच्याकडेही गाडीला लावतातच; पण तो पुढे, दोरीला, दृष्ट लागू नये म्हणून.

गॅरेजवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "मंगळवारी बघू." कुठल्या मंगळवारी ते त्याने सांगितलं नाही आणि विचारायची पद्धत नाही. मे महिना होता. टोमॅटो तोडणीला आलेला. नारायणगावच्या बाजारात २० किलोच्या कॅरेटला काय भाव निघेल हे सकाळी कोणी सांगू शकत नाही, आणि गाडी घरी उभी असेल त्याच दिवशी भाव निघतो यावर साऱ्या तालुक्याची श्रद्धा आहे. २०२३च्या जुलैमध्ये कॅरेट दोन हजारांच्या वर गेलं होतं. तेव्हा ज्याची गाडी बंद होती अशा एका गृहस्थांचा चेहरा अजून पूर्वीसारखा झालेला नाही. म्हणून दादाने जाहीर केलं, "घरीच करू. त्यात काय आहे!"

हे वाक्य ऐकून पुतण्याचे डोळे चमकले. तो आयटीआयला मोटर मेकॅनिकच्या पहिल्या वर्षाला आहे. वहिनींचे चमकले नाहीत. त्यांनी याच वाक्यावर बोअरची मोटर, मिक्सर आणि टीव्ही असे तिन्ही प्रसंग पाहिलेले आहेत.

सामान आणायला गेलो तर स्पेअरपार्टवाला म्हणाला, "जुना पीस आणा." जुना पीस काढायचा तर चाक खोलायला हवं, चाक खोललं की गाडी जागची हलत नाही, आणि दुकान दहा किलोमीटरवर. महाराष्ट्रातली निम्मी मोटारसायकल वाहतूक 'जुना पीस' दाखवायला निघालेल्या माणसांची असावी, असा माझा जुना संशय आहे. सॅम्पल दाखवलं की पुढचा प्रश्न येतो, "ओरिजनल देऊ की चांगलं देऊ?" या प्रश्नाला बरोबर उत्तर नाही. ओरिजनल म्हटलं तर तो आपल्याकडे पैसेवाला मूर्ख म्हणून बघतो, चांगलं म्हटलं तर नुसता मूर्ख म्हणून.

खोलायची सुरुवात मात्र शास्त्रशुद्ध झाली. पुतण्याने आधी हॅन्डब्रेक ओढला, गाडी गियरमध्ये टाकली, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले; वर उचलल्यावर चाक फिरतं आणि नट हसत बसतो. पुढच्या चाकाखाली दगड लावला. हा दगड घरचा आहे. काळा, एका बाजूने घासून सपाट झालेला, तो ड्रायव्हरच्या सीटखाली राहतो आणि गाडीबरोबर सगळीकडे जातो. गाडीचं पीयूसी कधी कधी घरी राहतं, दगड राहत नाही.

अंगण शेणाने सारवलेलं, खाली माती. जॅक लावला तर गाडी वर जायच्याऐवजी जॅकच खाली जायला लागला. फळी हवी होती. दादा घरात गेला आणि जेवायचा पाट घेऊन आला. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त पाट मोजले, मोठ्याने. नानांनी जॅकच्या भरवशावर कोणाला गाडीखाली जाऊ दिलं नाही, स्टेपनी आडवी करून चेसीखाली सरकवली, तिच्यावर ठोकळा ठेवला आणि म्हणाले, "जॅक म्हणजे वर न्यायचं साधन हाय. वर ठेवायचं न्हवं." दिवसभरात नानांनी दिलेल्या सल्ल्यांत हा एक मी आदराने लिहून ठेवला आहे. बाकीच्यांत 'डिझेल टाका' हे जवळजवळ सगळ्यावर उत्तर होतं.

आता ड्रम निघेना. जुने ड्रम निघत नसतात. कडेला झिजून काठ तयार झालेला असतो, तो शूला आतून अडवतो, वर मध्ये गंज. यासाठी पुष्कळ ड्रमना आटे पाडलेली दोन बारीक भोकं ठेवलेली असतात. त्यांत बोल्ट पिळत गेलं की ड्रम मुकाट्याने बाहेर येतो. ज्याला ही भोकं माहीत असतात तो बोल्ट शोधतो, ज्याला माहीत नसतात तो घण शोधतो. घण लवकर सापडतो. दादाने घणाचे घाव घातले, शेजारच्या दोघांनी घातले, रस्त्याने चाललेल्या एका अनोळखी माणसाने गाडी लावून चार घातले आणि नाव न सांगता निघून गेला. भोकं रंगाने बुजलेली होती, ती पुतण्याने टोकरून मोकळी केली, बोल्ट पिळले, तरी ड्रम तसाच. तेवढ्यात ओसरीवरून आईने विचारलं, "अरे, तो मधला दांडा वर ओढलेला आहे, तो तसाच पाहिजे का?"

सगळ्यांनी हॅन्डब्रेककडे पाहिलं. हॅन्डब्रेकची केबल मागच्याच शूंना ओढून ड्रमला चिकटवते, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. दांडा खाली केल्यावर ड्रम हाताने निघाला. त्यानंतर बराच वेळ आईकडे कोणी बघितलं नाही.

ड्रम निघाल्यावर आतल्या काळ्या भुकटीला फुंकर मारायला तीन तोंडं एकदम पुढे आली. पुतण्या ओरडला. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्याची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. फुंकायचं नाही, कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, पाण्याने ओलं करून पुसायचं. नाना म्हणाले, आम्ही जन्मभर फुंकलं. पुतण्या म्हणाला, म्हणूनच तुम्ही खोकता. हा खोकला बिडीचा आहे, असं नानांनी अभिमानाने स्पष्ट केलं, पण तोंड मागे घेतलं.

आतमध्ये जे दिसतं ते पाहून भल्याभल्यांचं धैर्य जातं. वर व्हील सिलेंडर, खाली टेकू, दोन शू, त्यांना ओढून धरणाऱ्या स्प्रिंगा, शूला पाठच्या पत्र्याशी दाबून धरणाऱ्या पिना, मध्ये दातेरी ऍडजस्टर, हॅन्डब्रेकचा आकडा. काही लांब, काही आखूड, काही रंगीत. याला उपाय दोन. एक, फोटो काढून ठेवायचा. तो काढला होता. शेजारच्या पोराने काढला आणि त्यात नाना, दादा आणि मागे तुळस असे सगळे उत्तम आले आहेत. ब्रेक दादाच्या कोपरामागे आहे. दुसरा उपाय म्हणजे एकाच बाजूचं काम आधी पुरं करायचं आणि दुसरी बाजू नमुना म्हणून तशीच ठेवायची. डाव्या बाजूला चार माणसं गुंतलेली आणि उजवीकडे चार रिकामी, अशा वेळी हा नियम पाळायला फार कडक माणूस लागतो. वहिनी उजव्या चाकाजवळ खुर्ची टाकून मेथी निवडत बसल्या. त्या चाकाला कोणी हात लावला नाही.

नमुना असला तरी तो आरशातला असतो, ही दुसरी अडचण. उजवीकडे जे पुढे फिरतं ते डावीकडे मागे. दादा जाऊन बघून यायचा, येईपर्यंत मनातल्या मनात उलटं करायचा आणि गाडीला वळसा घालताना पुन्हा सुलटं व्हायचं.

माझ्याकडे बॅटरी धरायचं काम होतं. पुण्याहून आलेल्या भावाला यापेक्षा जबाबदारीचं काम देत नाहीत. बॅटरी धरणारा हा कुठल्याही दुरुस्तीतला सर्वांत जास्त शिव्या खाणारा माणूस. त्याच्या हातात काही नसतं, तरी जे जे सापडत नाही ते त्याच्यामुळे सापडत नाही. काम करणारा 'इथं' म्हणतो. इथं म्हणजे त्याच्या मनात. उजेड मनात पडत नाही म्हणून तो 'कुठं बघतोस' म्हणतो. पुतण्याने डोक्याला बांधायची बॅटरी पाहिली होती एका व्हिडिओत. त्या व्हिडिओत अमेरिकेतला एक गृहस्थ, हातात निळे मोजे, फरशी आमच्या देवघरापेक्षा स्वच्छ, गाणं गुणगुणत आपल्या पिकअपचे मागचे ब्रेक बदलत होता. त्याच्या हौद्यात काय होतं? काही नव्हतं. एक कुत्रा होता. तोही कामाला नव्हता. अर्धा व्हिडिओ झाल्यावर कळलं की त्याला मागेही डिस्क आहेत, आपल्याला ड्रम. मग आम्ही तो नुसता करमणूक म्हणून शेवटपर्यंत पाहिला.

आणि स्प्रिंग उडाली. ती उडतेच. पक्कडीत धरलेली स्प्रिंग 'टण्' करून निघाली आणि अंगणाच्या पलीकडे, साडीवर वाळत घातलेल्या कुरडयांत पडली. मे महिन्यात दुसरीकडे कुठे पडणार? वेटोळ्यांच्या शेकडो वस्तूंमधून एक वेटोळ्याची वस्तू शोधायची होती. दादाने उचललेल्या पहिल्या दोन स्प्रिंगा मोडल्या. अर्धवट वाळलेली कुरडई आणि ब्रेकची स्प्रिंग यांत दिसण्यापुरता फरक नाही, हे शास्त्राला माहीत नसावं. सापडली आईला. तिने सगळ्यांना लांब उभं केलं आणि एकेक कुरडई पालथी करून बघितली. त्या कुरडया पुढे तळल्या, तेव्हा एकाला ग्रीसचा वास आला. पण तो गॅरेजवाल्याचा मेहुणा होता, त्याला सगळीकडे येतो.

शूंना ज्या सिलेंडरने फाकवायचं तो बघितला तर रबर फुगलेलं, आत ऑइल पाझरलेलं. नवे शू घालून गळका सिलेंडर ठेवला असता तर नवे लायनर ऑइलात भिजून पुन्हा फुकट. पुन्हा 'जुना पीस' घेऊन कोणीतरी निघालं. तेवढ्या वेळात नाना गाडीखाली डोकावले आणि म्हणाले, "ही काडी कसली रं?"

मागच्या एक्सलपासून वर चेसीवरच्या एका छोट्या लोखंडी डबीपर्यंत एक दांडी गेलेली होती. पुतण्याला आयटीआयत मिळालेली सगळी विद्या इथे कामाला आली. गाडी थांबताना वजन पुढे झुकतं. रिकाम्या पिकअपचं मागचं अंग इतकं हलकं, की मागे पुरा ब्रेक लागला तर चाकं जागेवर अडकतात आणि गाडी आडवी होते. भरलेल्या गाडीला मात्र मागे भरपूर ब्रेक हवा. मग गाडी भरली आहे की रिकामी, हे ब्रेकला कसं कळणार? या दांडीवरून. माल भरला की गाडी मागून बसते, दांडी हलते, डबी मागे जास्त दाब सोडते. रिकामी असली की कमी.

"भारी डोकं," नाना म्हणाले. मग त्यांनी मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांकडे पाहिलं. आमच्या भागात नवीन पिकअप आली की पूजा होते, पेढे होतात आणि मग मागे एक-दोन पाटे जास्तीचे घातले जातात. कागदावर दीड टन, म्हणजे टोमॅटोची सत्तर-पंचाहत्तर कॅरेट. त्यावर किती चढतात ते इथे लिहीत नाही. दादा हा लेख वाचणार आहे. जास्तीच्या पाट्यांमुळे गाडी कितीही भरली तरी मागून बसत नाही. ताठ उभी राहते. चौकात बघायला रुबाबदार दिसते.

"म्हणजे," नाना सावकाश म्हणाले, "दोन टन माल भरलाय आणि ही डबी समजती गाडी रिकामीच हाय."

"हो."

"मंग मागं ब्रेक कमी सोडती."

"हो."

"म्हंजी काट्यावरची खोटी पावती आता गाडीलाबी दाखवायला लागलात!"

दादाने पक्कड खाली ठेवली. तो काही वेळ पाट्यांकडे बघत होता. माळशेजच्या उतारावरून पहाटे भरली गाडी घेऊन कल्याणकडे उतरताना पेडल खोल का जातं, याची त्याने आजवर पुष्कळ कारणं सांगितली होती: धुकं, टायर, समोरचा. ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून लांब सरकतो, म्हणून शू भिडायला पाय जास्त खोल दाबावा लागतो. पुढच्या ब्रेकांवर सगळा भार पडला की तेही तापून सुस्तावतात. हे त्याला ठाऊक होतं. त्या डबीला आपण फसवतोय हे ठाऊक नव्हतं.

"पाटे काढायचे का?" पुतण्याने विचारलं.

"सीझन संपू दे," दादा म्हणाला.

महाराष्ट्राच्या ग्रामीण अर्थव्यवस्थेवर अनेक ग्रंथ झाले असतील. मला या तीन शब्दांपलीकडे काही वाचायची गरज वाटलेली नाही. पण त्याने लगेच पुढे म्हटलं, "तोवर कॅरेट कमी टाकू." किती कमी, हे विचारायला वहिनी मेथी ठेवून पुढे आल्या आणि आकडा साक्षीदारांसमोर वदवून घेतला.

सिलेंडर बदलताना ऑइल सांडलं. ब्रेक ऑइलचं रंगाशी वैर. गेल्या दिवाळीत ऑइलपेंटने रंगवलेल्या तुळशीवृंदावनाच्या पायरीवर ते पडलं. पुरुषवर्गात चर्चा सुरू झाली. कोणी म्हणालं माती टाका, कोणी फडकं, नाना म्हणाले डिझेल. वहिनींनी बादलीभर पाणी ओतलं. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं, त्यामुळे लगेच भरपूर पाणी हाच खरा उपाय. तरी पायरीवर तळहाताएवढा डाग उरलाच. वहिनी रोज त्याला प्रदक्षिणा घालतात आणि त्या वेळी दादा बाहेर नसतो.

पाण्यात मिसळायचा हाच गुण पुढे आडवा येतो. उघड्या बाटलीतलं ऑइल हवेतला ओलावा शोषत राहतं. कोरडं डॉट थ्री निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही; ओलावा शिरलेलं १४० अंशांवरही उकळू शकतं. घाटात तेवढं तापायला वेळ लागत नाही. नळीत वाफ झाली की पेडल दाबूनही फक्त वाफ दबते. नानांकडे माळ्यावर अर्धी बाटली होती, रिटायर व्हायच्या आधीची. पुतण्याने ती नम्रपणे नाकारली. नाना दुखावले. "दारू जुनी चालती, ऑइल नाय चालत?" असं म्हणत बाटली परत माळ्यावर ठेवायला गेले.

राहिलं एअर काढणं. हा या साऱ्या कामाचा कळस, आणि हे दोन माणसांचं काम आहे. म्हणजे भांडण अटळ. एकाने सीटवर बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्याने चाकामागचा निप्पल सोडायचा. हवेचे बुडबुडे असलेलं ऑइल नळीतून बाहेर येतं. निप्पल बंद केल्यावरच वरच्याने पाय उचलायचा. आधी उचलला तर बाहेर काढलेली हवा पुन्हा आत. मास्टर सिलेंडर उजवीकडे, म्हणून सर्वांत लांबचं, मागचं डावं चाक आधी. गुरांच्या डॉक्टरांकडून आणलेली सलाइनची नळी निप्पलला लावली, दुसरं टोक बाटलीत. सीटवर वहिनी, कारण बाकी सगळ्यांना खाली बघायचं होतं.

दादा ओरडला, "दाब!" वहिनींनी दाबलं. "सोड!" हे पुतण्याला होतं. पुतण्याने निप्पल सोडला, वहिनींनी पाय सोडला. बुडबुडा नळीतून बाहेर येता येता थांबला, वळला आणि घरी परत गेला.

"तू नाही गं, तो!"

"मग नाव घेऊन सांगा."

पुन्हा दाब, पुन्हा सोड, पुन्हा तोच बुडबुडा. मला तर तो ओळखीचा वाटायला लागला होता. नानांनी लांबून "पंप मारा, पंप मारा" असा एसटी डेपोतला मंत्र चालू ठेवला होता. शेवटी वहिनींनी खिडकीतून डोकं बाहेर काढून कारभार हातात घेतला. "आता कोणी बोलायचं नाही. मी 'धरलंय' म्हणाले की पिंट्या नट उघडेल. त्याने 'बंद' म्हटलं की मी पाय काढीन. तुम्ही ती वरची ऑइलची डबी बघा, रिकामी झाली तर पुन्हा हवा जाईल. आणि नाना, तुम्ही चहा घ्या." धरलंय. बंद. धरलंय. बंद. नळीतलं ऑइल स्वच्छ, एकसंध वाहायला लागलं. पेडल वर आलं, कडक. उजवी बाजूही याच राज्यघटनेवर पार पडली. ऍडजस्टरचे दाते फिरवून ड्रम किंचित घासेपर्यंत शू बाहेर आणले, मग दोन-तीन दाते मागे घेतले, चाकं चढवली.

ट्रायलला हौद्यात अर्धी आळी चढली. भार हवाच, असं कारण देण्यात आलं. चौकाजवळ दादाने ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण रसवंतीच्या जरा पुढे जाऊन. हौद्यात निराशा पसरली. एवढं करून हेच? पुतण्याने समजावलं, की नवे लायनर ड्रमला पूर्ण बसायला वेळ लागतो. सुरुवातीला हळू वेगात बऱ्याच वेळा ब्रेक लावून ते घासून घ्यावे लागतात, लगेच घाटात न्यायचं नाही. "म्हणजे ब्रेकलाबी ट्रेनिंग," असं म्हणत माणसं रसवंतीवर उतरली, कारण गाडी तिथेच थांबली होती. मग दादा रिकाम्या रस्त्यावर थांबत-थांबत, थांबत-थांबत गाडी फिरवत राहिला. या रस्त्यावर विनाकारण थांबणारी पिकअप लोकांनी प्रथमच पाहिली. दोघांनी डिझेल संपलं का म्हणून विचारलं, एकाने लिफ्ट मागितली.

अंधार पडायच्या सुमारास ब्रेक बसले. पाय टेकवला की गाडी जागच्या जागी. दादाने ती अंगणात आणली, थोडा उतार असलेल्या तिच्या नेहमीच्या जागी लावली, हॅन्डब्रेक ओढला. कट् कट् कट्. पूर्वी तो दांडा कोपरापर्यंत यायचा. आता चार दात्यांत घट्ट. गाडी न्यूट्रलमध्ये होती आणि इंचभरही हलली नाही. दादा खाली उतरला, सीटखालून दगड काढला आणि पुढच्या चाकाखाली सरकवला.

"पप्पा!" पुतण्या जवळजवळ रडकुंडीला आला. "आता हॅन्डब्रेक लागतो ना!"

"लागतो की. चांगला लागतो," दादा दगडाला टाच मारून पक्का करत म्हणाला. "पण तो आजचा आहे. दगड आजोबांच्या ट्रॅक्टरपासून आहे."